खोली नंबर चार

किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडं असतो.
बावीस किल्ल्या. त्यातल्या तीन कुठल्या कुलपाच्या
हे आता कुणालाच माहीत नाही.
निकाल लागला की मी फळे पुसतो, खिडक्या लावतो,
आणि दगडी भिंतींमधला गारवा
दीड महिना कुलपात ठेवतो.
एकोणीस वर्षं असंच केलं.
चुकतंय असं कधी वाटलं नाही.

यंदा मार्चमध्ये दासरी बाईंनी
सातवीच्या पोरांना तापमापी वाटल्या.
घरी टांगा, दुपारी दोनला बघा, लिहून आणा.
वहीला नाव पोरांनीच दिलं : उन्हाची हजेरी.
बाई नाव घ्यायच्या
आणि पोरं ‘हजर’च्या जागी आकडा सांगायची.

दूडम पल्लवी? त्रेचाळीस.
शेख मुदस्सर? साडेबेचाळीस, पंखा लावून.
चिप्पा नरेश? बाई, आमचा पत्रा बोलतो,
टक्, टक्. पंचेचाळीस.
आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन विड्या वळते.

आणि आपली खोली, नंबर चार?
कुणाला माहीत नव्हतं.
मी दारात उभा होतो, घंटेचा टोल हातात.
“चौतीस,” म्हणालो.
सगळा वर्ग मागं वळला, माझ्याकडं बघत राहिला,
जसं काही मीच तो गारवा
लपवून ठेवला होता.

इथवर सोपं होतं.
मे लागला. चार नंबर उघडी ठेवायची ठरलं.
विडी घरकुलातून बायका आल्या, सुपं कमरेवर,
आणि गेटवरच थबकल्या.
गेटवर पाटी आहे, मीच रंगवलेली :
तंबाखूमुक्त शाळा.
ह्यांच्या सुपात, फडक्याखाली, तंबाखूच.

हेडमास्तर चष्मा पुसत राहिले.
दासरी बाई काहीच बोलल्या नाहीत;
त्यांचं डी.एड. अशाच एका सुपावर झालेलं.
सोलापूरचं ऊन डोक्यावर होतं,
त्याला पाटी वाचता येत नव्हती.

नर्सम्मा वल्लाळ म्हणाली,
पानं इथं कापतो. तंबाखू घरी.
वळायचं रात्री, पत्रा निवल्यावर.
एवढंच म्हणाली.
मी किल्ली फिरवली.

मग महिनाभर फरशीवर ओली तेंदूपानं,
पत्र्याचा फर्मा, कात्र्यांची कचकच,
तेलुगूत भांडणं, कानडीत हसणं.
फळ्यावर कुणाचा तरी पानांचा हिशेब, अर्धवट.
कोपऱ्यात चार माठ.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
म्हणून माणशी किती तांबे, हे गणित पोरांकडं.
पोरांनी उत्तर काढलं, बायकांनी ते मोडलं,
पोरांनी परत काढलं.

पोरांनी पंधरा पत्र्यांना चुना फासला.
वळवाच्या एका सरीत सहा धुऊन गेले.
पुन्हा फासला, डिंक घालून. दोन तरीही गेलेच.
पल्लवीच्या घरी आता एकोणचाळीस.
एकोणचाळीस म्हणजे काही महाबळेश्वर नाही.
पण तिची आई म्हणाली,
काल दुपारी जरा डोळा लागला.
आणि लाजली, चोरी केल्यासारखी.

कोंडाबाई मात्र येईना.
रोज गेटपर्यंत यायची, मागं फिरायची.
तिसऱ्या आठवड्यात मला हळूच विचारलं,
मामा, सही कुठं करायची असती?
मला येत नाही.
सही नाही, म्हटलं. बसा.
ती बसली. भिंतीला पाठ टेकली,
नुसता तळहात ठेवला दगडावर,
किती तरी वेळ.

जूनमध्ये झाडताना बाकांखाली
पानांचे तुकडे निघाले, वाळके, कडेला कात्रीचा बाक.
दोनचार मी वहीत ठेवले, हजेरीच्या.
चार नंबरची किल्ली जुडग्यातून काढली.
ती आता गेटवर, पाटीखालच्या खिळ्याला.

त्या दुसऱ्या तीन किल्ल्या कुठल्या कुलपाच्या,
तेवढं शोधतोय.