एक जून

मार्केट यार्डात मी हळदीचा हिशेब लिहितो,
तेवीस वर्षं. नखांतला पिवळा जात नाही.
सौदा पूर्वी रुमालाखाली व्हायचा,
बोटांनी बोटं दाबायची,
भाव कुणाच्या तोंडी येत नसे.
हळकुंड मोडून आतला रंग बघायचे.
हळकुंडाला काही ऐकू जायचं नाही.

पोरांचा लिलाव मात्र माईकवर झाला,
मिरजेत, स्टेशनजवळच्या हॉलवर, पंख्यांच्या खडखडाटात.
सुफियान शिकलगार, डावा पाय,
गोलसमोर थंड डोकं,
मागच्या रांगेत बसून स्वतःचा भाव ऐकत होता.
आठ. बारा. पंधरा.
वीस हजाराला मी पाटी वर केली
आणि हॉल गप्प झाला.
त्यानं शेजारच्याला विचारलं म्हणे,
ह्यात बूट धरून, का बुटाचे वेगळे?

लीगचे नियम चार पानांचे.
अठरा नावांच्या वर नाही.
अडीच लाखांच्या वर नाही.
एक जुलै दोन हजार पाचला किंवा नंतर जन्मलेला
मोजताना अर्धाच धरायचा.
पगार पूर्ण, मोजणी अर्धी.
सतरा नावं लिहून माझ्याकडं चौदा हजार उरले होते.
विसाचे अर्धे दहा. चार शिल्लक.
आकडा मी पेननंच लिहिला होता.

मग शाळेचा दाखला आला.
एक जून दोन हजार पाच.

आमच्याकडं अर्धी शाळा एक जूनला जन्मलेली.
गुरुजींनी पोराकडं बघितलं,
कॅलेंडरकडं बघितलं,
आणि टाकलं लिहून.
माझीही तीच. माझ्या बायकोचीही तीच.
एकमेकांना शुभेच्छा द्यायला लाज वाटते.

त्याची आई दवाखान्याच्या चादरी धुते.
म्हणाली, पुरात झाला हो हा.
सांगलीवाडीत पाणी खिडकीला लागलेलं,
आम्हाला शाळेच्या माडीवर नेलं,
बाकं जोडली, त्यावर झाला.
खाली जिन्याला होडी बांधलेली.
नाळेला ब्लेड होडीवाल्यानं आणून दिलं.
तारीख?
तारीख कोण बघतंय, पाणी किती पायऱ्या चढलं ते बघत होतो.

समिती म्हणाली, कागद बोलेल ते.
समितीचं चुकलं असं मी म्हणत नाही,
मीही आयुष्यभर कागदाचंच ऐकलंय.
शेठ म्हणाले, दाखला नवा करू, ओळख आहे.
क्याप म्हणजे टोपीच की, अण्णा,
घालू लीगला एक.
म्हणजे खोटा कागद करायचा
आणि त्यावर खरा महिना लिहायचा.
रात्री दोनदा उठून पाणी प्यालो.
सहा हजार. सहा हजार वर जात होते.

सकाळी प्रमोद आला, डेपोतनं, हाताला ग्रीस.
चौतीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टा, नऊ वर्षं आमचा कप्तान.
त्याचा आकडा सहा हजार.
मी काही बोललो नाही, देवाशप्पथ.
त्यानं वही उलटी करून वाचली,
बोटानं स्वतःच्या नावापर्यंत आला,
तिथं ग्रीसचा ठसा उठला.
खोड की, म्हणाला. सतरा चालतात नव्हं?
गोलमागं थांबतो मी, बॉल आणून देतो.
त्याला तर क्यापमधे धरत नाहीत?

दोन लाख पन्नास हजार.
पैसा खाली नाही, पैसा वर नाही.
एवढा जुळलेला हिशेब
मला पहिल्यांदाच आवडला नाही.

बुटाबद्दल चार पानांत काही नव्हतं.
रविवारी सुफियान उतरला तो प्रमोदचे घालून,
नऊ नंबर, पोराचा पाय आठचा.
पुढं चवड्याशी फडक्याचा बोळा.
फडकं माझ्या गादीवरचं,
पिवळं पडलेलं.