मागचा शब्द

मेसेजमधलं 'कॉल्ड' तेवढं मला कळलं होतं.
बोलावलंय.
शर्टाला इस्त्री मारली, सर्टिफिकेटं पिशवीत घातली,
वडगावहून उद्यमबागपर्यंत सायकल,
चढाला उतरून चालत, घाम कॉलरला लागू नये म्हणून.
फौंड्रीच्या गेटावर निंगाप्पानं मोबाईल लांब धरून वाचला.
"कॉल्ड ऑफ हाय की रे. इंटरव्ह्यू रद्द.
ऑफ बघितलं नाहीस?"

बघितलं होतं. खरं वाटलं,
एवढासा शब्द, काय करणाराय.

आता रोज संध्याकाळी सातला
खडेबाजारात, चपलांच्या दुकानावर,
हिरेमठ सरांचा क्लास.
क्रियापदाला एकट्याला गाठून अर्थ विचारू नका, सर म्हणतात,
त्याच्या मागं कोण उभं आहे ते बघा.
टर्न म्हणजे वळणं.
टर्न अप, हजर होणं.
टर्न डाऊन, तोंडावर नाही म्हणणं.
"मग वळायचं कुठं, सर?" तबस्सुम मुजावर विचारते.
सर हसतात, कन्नडवर येतात.
माडु म्हणजे कर. माडिबिडु, करूनच टाक.
बिडु म्हणजे सोड.
सोडलं काय? काहीच नाही.

मी वहीच्या शेवटच्या पानावर आमचं लिहून बघतो.
आई म्हणते, जेवून घे.
घ्यायचं काही नसतं, ताट आधीच वाढलेलं असतं.
आप्पा म्हणाले होते, माग विकून टाकले.
नुसतं 'विकले' म्हणाले असते
तर मी किंमत विचारली असती.

रात्री आप्पा विचारतात, आज काय?
लुक आफ्टर.
म्हंजे?
लुक, बघणं. आफ्टर, नंतर.
"नंतर बघू?" आप्पांना हसता हसता खोकला येतो.
"ह्याला फी कशाला भरलास?
कचेरीतला कन्नडात हेच म्हणतोय,
मुंबईहून येणारा मराठीत हेच.
चाळीस वर्सं ऐकूलोय."

नाही आप्पा. इंग्रजीत त्याचा अर्थ,
सांभाळणं.

आप्पा गप्प.
मग उठतात, माग होते त्या खोलीतला दिवा घालवायला जातात
आणि बराच वेळ घालवत नाहीत.
दारातून दिसतं,
खिडकीतला जुना धोटा घेऊन धोतराच्या सोग्यानं पुसतायत.
पुसून परत तिथंच ठेवून देतात.

'देतात' कुणाला,
ते मी वहीत लिहिलं नाही.