पेन्सिलीनेच

सायमा, आधी पंखा बंद कर.
बाहेर एकोणचाळीस आहे, ठाऊक आहे मला,
रास्ता पेठेतलं डांबर चपलेला चिकटतंय,
पण चार मायक्रॉनची पट्टी वारा सोसत नाही.
ती श्वासानेही उडते.
कापताना आपण श्वास धरतो, आलंय का तुझ्या लक्षात?
माझ्या अकरा वर्षांनी आलं.

नाव पेन्सिलीने लिही. पेनाने नाहीच.
झायलीनमध्ये शाई धुऊन जाते
आणि काचेवर उरतं एक जठर,
कुणाचं, ते कुणालाच सांगता येत नाही.
शिसं टिकतं.
पहिलीतल्या पोराच्या हाती देतात ना, तीच पेन्सिल.

मला हे चाक ढमढेरे सरांनी शिकवलं.
"खीळ घातल्याशिवाय ब्लॉकला हात लावायचा नाही,"
असं म्हणून ते डावा हात वर करायचे,
तर्जनीला शेंडा नसलेला.
संपला अभ्यासक्रम.

एकतीस वर्षं फॉर्मॅलिन.
वाफ ओढणारा पंखा तेव्हाही बंद,
आजही "पार्ट मागवलाय".
ते निवृत्त झाल्यावर एकदा धायरीला गेले होते त्यांच्याकडे.
काकू देवळात. गॅसवर दूध आटून पातेलं काळं पडलेलं,
दारापर्यंत वास,
आणि सर ओट्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले.
मी धावत जाऊन गॅस बंद केला.
"जळलं का काही?" त्यांनी विचारलं.
मग बराच वेळ आम्ही मेट्रोच्या खांबांविषयी बोललो.

मास्क लाव. कापडी नको गं,
तो डबीवाला.

हाड आलं की घाई करू नकोस.
आम्लात मुरू दे, रोज सुई टोचून बघ,
वांगं शिजलं का बघतो तसं.
कच्चं कापलंस तर पात्याला दात पडतील,
आणि ऑफिस विचारेल, एका पात्यात वीस ब्लॉक का होत नाहीत.
विचारू दे.

आता चिमट्याचं सांगते.
दर ब्लॉकनंतर पुसायचा. दर म्हणजे दर.
एका गुरुवारी रात्री वीज गेली, जनरेटर खोकून गप्प,
मशीन अर्ध्यात थांबलं.
मी आणि वॉर्डातला शकील,
मोबाइलच्या उजेडात जाळी हाताने उचलून
एका बरणीतून दुसरीत, दोन वाजेपर्यंत.
तिच्यात एक फुफ्फुस होतं. म्हणजे मोहरीएवढे चार दाणे,
कागदात गुंडाळलेले, लाल ठिपका लावलेले.
सकाळी मेणात बसवताना तीनच मोजले.
वाटलं, विरघळला असेल. दमले होते.
असं कधी विरघळत नसतं, सायमा.

तो निघाला पुढच्याच बाईच्या थायरॉइडशेजारी,
माझ्या चिमट्याला चिकटून गेलेला.
तीन दाणे स्वच्छ होते.
जे होतं ते सगळं चौथ्यात.

मॅडमच्या दारापाशी मी किती वेळ उभी होते
ते घड्याळात नाही पाहिलं.
सांगितलं. रजिस्टरात माझ्या हाताने लिहिलं, तारखेसकट.
"बरं झालं बोललीस," म्हणाल्या,
आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.
त्या माणसाच्या पेट्या चाकणला होत्या, पॅकिंगच्या.
त्याला हे काही माहीत नाही.
थायरॉइडवाल्या बाईलाही नाही,
की तासभर तिच्या नावावर काय होतं.

चल, रंगाकडे ये.
हेमॅटॉक्सिलिन आधी जांभळट दिसेल, घाबरू नकोस,
नळाखाली धर, निळं होतं आपोआप.
धरणाचं पाणी असलं की सावकाश.
टँकरचं बोअरचं असलं की पटकन चढतं, लक्ष ठेव.
आज काय आलंय? ऐक, खाली मोटर चालू आहे.
म्हणजे टँकर.

आणि बर्फ संपलाय.
कोपऱ्यावरच्या लस्सीवाल्याला माझं नाव सांग,
पैसे घेत नाही तो.
कशासाठी ते मात्र सांगू नकोस.