वीतभर

आठवड्याचे अकरा तास मी या गावाची.
पॅरिश कौन्सिलच्या कागदावर हुद्दा आहे : मैदान-देखभाल.
गाव म्हणतं, ग्वेन्डाला सांगा.
झोपाळा कुरकुरला, ग्वेन्डाला सांगा.
कुत्र्यांच्या घाणीचा डबा ओसंडला, ग्वेन्डाला सांगा.
बोल्सच्या हिरवळीत सशाने खळगा पाडला,
आता सशाला काय सांगू मी?

गुरुवारी गवत कापते.
नऊच्या आत यंत्र सुरू करायचं नाही असा ठराव आहे,
मांडला मिस्टर थ्रिप यांनी, ज्यांना तशीही झोप येत नाही.
चर्चच्या अंगाने सुरुवात, मग फुटबॉलच्या गोलाला वळसा,
घसरगुंडीभोवती मात्र हातकात्री,
कारण तिथे मुलं विसरून जातात मोजे, पडलेले दात,
आणि एकदा, चहाच्या कपात, एक जिवंत गोगलगाय.

टेकाडावर शेवटचा बाक.
त्यावरची पितळी पाटी महिन्यातून एकदा चिंधीने घासते :
'लायोनेल लँगरिश. त्याला इथून दिसणारं सारं आवडायचं.'
इथून दिसतं हॉथॉर्नचं कुंपण.
पाटी बसवली तेव्हा गुडघ्याएवढं होतं म्हणे,
पलीकडे नदी दिसायची, जुन्या गिरणीचं छप्पर, गाई.
आता कुंपण पुरुषभर, वर आणखी हातभर.
आणि त्याच्याकडे तोंड करून, रोज चार वाजता,
विनिफ्रेड लँगरिश, थर्मास, बिस्किटांचा अर्धा पुडा,
जशी कुणी बसची वाट बघावी
जी बंद झाल्याचं तिला ठाऊक आहे.

एप्रिलात तिने अर्ज दिला.
कौन्सिलने चाळीस मिनिटं चर्चा केली.
कुणी म्हणालं, घरटी आहेत, ऑगस्ट सरेपर्यंत हात लावायचा नाही.
कुणी म्हणालं, बाकच सरकवा ना.
कुणी म्हणालं, सिमेंट कोण फोडणार?
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
तेवढ्यात चहा आला.

त्या उन्हाळ्यात मी तिच्याशेजारी बसू लागले,
यंत्र थंड होईपर्यंत, एवढंच निमित्त.
कुंपणात ब्लॅकबर्डची जोडी होती, नर काळा कुळकुळीत, चोच केशरी.
ती मला हिशेब द्यायची : आज तीन पिल्लं. आज दोन.
आज त्यातलं एक फांदीवर आलं
आणि स्वतःच्याच पंखांना दचकलं.
मेमध्ये सगळं कुंपण पांढरं,
वास मात्र शिळ्या माशासारखा.
"लायोनेलला हा वास सोसायचा नाही," ती हसली,
मग बराच वेळ गप्प.
मग, बिस्किट चहात बुडवत :
"खरं सांगू? तो इथवर कधी चढलाच नाही.
गुडघे.
खाली पॅव्हेलियनमागे बसायचा, चोरून पाइप ओढत,
आणि मला वाटायचं त्याला वाटतं की मला कळत नाही.
देखावा आवडायचा तो मला.
पण जिवंतपणी स्वतःच्या नावाची पाटी
कुठल्या तोंडाने लावणार?"
बिस्किट तुटून तळाशी गेलं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी
कुंपणाची कात्री खांद्यावर टाकून वर गेले.
हुकूम होता : गुडघ्यापर्यंत.
ती आधीच बसलेली, थंडीचा कोट, वरचं बटण तुटकं.
"किती कापू?"
तिने पंजा पसरला, अंगठा ते करंगळी,
डोळ्यांसमोर धरला, शिंपी माप धरतो तसा.
"एवढं. बाकीचं त्यांचं."

मिस्टर थ्रिप यांची तक्रार आली आहे, काम अपुरं.
मी वहीत लिहिलं : काम पूर्ण, वीस मिनिटं.
उरलेल्या दोन तासांचं वहीने विचारलं नाही,
मीही काढलं नाही.

आता कुंपणात वीतभर फट आहे.
तिच्यातून नदीचा एक तुकडा,
आणि नशीब असेल तर गाय.
काल होती. अर्धी.
आम्ही दोघी थांबलो,
उरलेली अर्धी येईपर्यंत.