लक्षणे

लांबी चारशे बारा मायक्रॉन.
म्हणजे अण्णांच्या आरीच्या टोकावर
एक बसला, तर दुसऱ्यालाही जागा उरेल.
रंग काकवीचा,
बोटावर घेऊन उजेडात धरली तर दिसतो तसा.
डोळे नाहीत.

गगनबावड्याकडच्या एका राईतून
दोन मुठी पाचोळा आणला होता, ओल्या फडक्यात.
फनेलात घातला, वर चाळीसचा बल्ब.
माती वरून वाळत जाते
तसे हे खाली खाली सरकतात, ओल हुंगत,
आणि शेवटी ओल म्हणून जिच्यात पडतात
ती स्पिरिट असते.
सहा दिवसांनी बशीत सदतीस जण.
त्यातले चार कुणाचेच नव्हते.

ओळखीच्या तक्त्यात असं असतं:
खांद्यावर पाती आहेत? सातवर जा.
नाहीत? अकरावर.
मी बावीसपर्यंत गेले
आणि पुढे रस्ताच नव्हता.
मगदूम सर म्हणाले, घाई नको, आधी चुकून बघ.
पावसाळाभर चुकून बघितलं.

खांद्यावरून दोन्ही अंगांना उतरलेली ती पाती.
पुस्तकं त्यांना पंख म्हणतात,
उडणं सात पिढ्यांत नाही तरी.
मला पहिल्याच नजरेला ते कान दिसले.
सुभाषनगरात वाढलेल्या कुणालाही दिसले असते,
कापशीचे कान,
जे बघून अण्णा, गिऱ्हाईक अजून दारात असतानाच,
चप्पल कुणाच्या हातची ते सांगतात.

जवळच्या वंशांत हे कान बिजागरीवर हलतात.
धोका वाटला की पाय आत, कान खाली, दुकान बंद.
ह्यांचे हलत नाहीत.
बिजागरीच्या जागी नुसती एक रेघ आहे,
शिवल्यासारखी, कशासाठी ते कळत नाही.
त्या रेघेवर मी नवा वंश उभा करते आहे.

आणि पाठीवरचे केस: दहा जोड्या.
तीनदा मोजले, तिसऱ्यांदा नऊ भरल्या.
त्या रात्री जेवण गेलं नाही.
दहाव्या जागेवर भोक होतं फक्त, केस गळालेला.
धरावा की सोडावा?
अण्णा पट्ट्याला टाके घालत होते,
मान वर न करता म्हणाले,
"भोक हाय न्हवं? मग टाका हुता."

सरांनी चार परदेशी प्रबंध चाळून
दुपारी तेच सांगितलं.

फॉर्मवर दोन रकाने. वंश. जात.
दोन्हीपुढे मी लिहिलं, नवी.
"नवी जात काढलीस म्हणं?
हाईत त्या कमी पडल्या व्हय?"
हसले. मीही हसले.
एका दाखल्यावरच्या त्याच शब्दासाठी
ते माझ्या बारावीला तीनदा तहसीलला गेले होते,
तिसऱ्यांदा अनवाणी, कारण पायातली विकली होती वाटेत,
गिऱ्हाईक अडून बसलं म्हणून.

मी त्यांना सांगू बघितलं
की इथली जात अंगावर असते, मोजता येते,
आणि चुकली
तर पुढचा कुणीही एका ओळीत ती रद्द करू शकतो.
"एका ओळीत?" त्यांनी विचारलं.
मग बराच वेळ आरीला मेण लावत बसले.

रविवारी लॅब रिकामी होती, त्यांना घेऊन गेले.
विद्यापीठाच्या फाटकात त्यांनी कॉलर नीट केली.
भिंगाला आधी चुकीचा डोळा लावला.
"काळा लांब केस दिसतोय."
तो तुमच्या पापणीचा, अण्णा.
मग स्थिर झाले.
खाली काचेवर चौघांतली एक,
पोटात एकच अंडं, अर्ध्या देहाएवढं,
नाव अजून ठरलेलं नाही.

कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.
बाहेर मोर ओरडला, तोही थांबला.

मग म्हणाले, "हं.
आता उलटी करून दाखीव."