सालीवरचं साल

बुचाच्याच फळीचं बुटकं स्टूल,
त्यावर मी, पाठीशी बेल्मिरूचं झाड.
खोडावर पांढऱ्या रंगात सात.
सतराच्या उन्हाळ्यात साल काढली
म्हणून सालीवर ते साल.
सगळा आकडा लिहून रंग कशाला घालवा,
नऊ वर्षांत कोण विसरतंय, म्हणायचा.

आलेंतेजूच्या या रानात
मी माझं वयही असंच मोजते.
आठ सोलण्या झाल्या माझ्या, नववी चालू आहे.
बेल्मिरू आठवी पुरी न करताच गेला.

सोललेलं झाड पहिल्या दिवशी
लोण्याच्या रंगाचं असतं, ओलसर,
आंघोळीनंतर उघडंच उभं केलेल्या पोरासारखं.
आठवड्याभरात गेरू चढतो.
मग विटकरी, मग तपकिरी,
मग एखाद्या हिवाळ्यात लक्षात येतं
की राखाडी झालं, भेगाही पडल्या.
इतकी वर्षं इथे येऊन बसते,
साल वाढल्याचा आवाज
एकदाही ऐकलेला नाही.

सालीच्या आतल्या थराला इथे आई म्हणतात.
कुऱ्हाड आईला लागू द्यायची नाही,
एवढीच विद्या. बाकी सगळं मनगट.
आई दुखावली
तर तेवढ्या जागी साल परत धरत नाही.

बहात्तरचा जून.
बेल्मिरू तेवीस वर्षांचा, याच झाडाशी,
आणि ओढ्यापलीकडून त्याची बहीण ओरडत आली,
मुलगा! अरे, मुलगा झाला!
तो वळला.
कुऱ्हाड वळली नाही.

ती जागा ही इथे, माझ्या कानाजवळ.
वीतभर, काळी, हाडासारखी टणक.
त्यानंतर पाच वेळा भोवतालची साल आली नि गेली,
इथे नाही आली.
कडेकडेने मात्र झाडाने ओठ जाड केलेत
आणि दर साली थोडं थोडं
ते तिच्यावर वाकत चाललंय.
मधल्या खोबणीत आज
बोटाएवढा एक तपकिरी पक्षी
शेवाळाचा धागा घेऊन शिरला.
मला बघून थबकला, पुन्हा शिरला.

बेल्मिरू त्या जखमेबद्दल कधी बोलला नाही.
फक्त दर सोलणीला आधी
आपली टोपी काढून तिथे अडकवायचा,
मग कुऱ्हाड उचलायचा.

तो मुलगा, तेल्मो, आता लुत्सर्नला लिफ्ट दुरुस्त करतो.
रविवारी फोन येतो. आधी विचारतो, झाड कसं आहे,
मग माझा गुडघा.
गुडघ्याला नवीन साल येत नाही, मी सांगते,
आणि तो दरवेळी हसतो.

आफ्रिकेतून वेडे राघू परवाच आलेत,
तारेवर बसून मधमाश्या आपटताहेत.
उतारावर चिकट पानांच्या झुडपांना
पांढरी फुलं, प्रत्येक पाकळीच्या बुडाशी
वाइनचा थेंब सांडल्यासारखा डाग.
एका दिवसाची फुलं. संध्याकाळी जमीन पांढरी.
उद्या पुन्हा झुडूप पांढरं.
याला घाई म्हणावं की सवय, मला ठरवता येत नाही.

काळ्या डुकरांनी हिवाळाभर उकरलेल्या मातीत
त्यांच्या दातांतून निसटलेलं एक फळ रुजलंय.
चार पानं, कडेला बारीक काटे.
पहिली साल निघायला पंचवीस वर्षं,
बाटलीत बसेल असं बूच द्यायला त्रेचाळीस.
मी बोटांवर हिशेब केला,
मधेच बोटं सोडून दिली,
आणि त्याच्याभोवती काटक्या रोवल्या,
मेंढ्या येतात म्हणून.

जूनमध्ये फाउश्तिनू येईल कुऱ्हाड घेऊन.
पोरगा चांगला आहे, मनगट हलकं आहे,
पण त्याला ही जागा दाखवून ठेवायला हवी.
सहाचा आकडा मीच काढणार.
पांढऱ्या रंगाचा डबा बहुधा वाळला असेल.
आणि टोपी,
टोपी मी कुठल्या पेटीत ठेवली,
ते आठवत बसले आहे सकाळपासून.