टोचन

कापसीच्या वळणावर, पंपाच्या मागे आमचा धर्मकाटा.
साठ टनांपर्यंत.
धर्म कोणाचा ते मालकाला विचारा,
मी फक्त पावत्या फाडते, रात्री दहा ते सकाळी सहा.

गाडी फलाटावर चढते, लाल आकडे थरथरतात,
थांबतात. मी बटण दाबते.
मग भांडण सुरू होतं.

दहा चाकी. तुलाराम बोपचे, राहणार तिरोडा.
पुस्तकात पंचवीस टन.
नवा नियम म्हणे साडेअठ्ठावीस,
पण पुस्तकावर तो कोणी चढवून दिलेला नाही.
दारावर रंगवलेलं सत्तावीस, ते कुठून आणलं
पेंटरलाच ठाऊक.
आणि नाल्यावरच्या जुन्या पुलाच्या पाटीवर वीस,
त्यातल्या शून्यावर कोणी खर्रा थुंकलाय,
लांबून नुसता दोन दिसतो.
"ताई, माह्या गाडीचं खरं वजन कोनतं?"
मी म्हटलं, खरं माझ्याकडे आहे,
चालणारं नाक्यावर मिळेल.
तो हसला. त्याला दर फेरीला हसावं लागतं.

त्या रात्री मात्र तो एकटा नव्हता.
मागे भाच्याची गाडी, मौद्याच्या पुढे इंजिन जाम झालेलं,
क्रेनवाल्यानं अकरा हजार सांगितले,
म्हणून टोचन:
जुनी साखळी पुरली नाही तिथून पुढे नायलॉनची दोरी,
दोरीला मधेच ट्यूबची पट्टी गुंडाळलेली,
कापलेल्या बोटाला चिंधी बांधतात तशी.
दोन गाड्यांमध्ये नऊ पावलं. मी चालून मोजली.
मागच्या गाडीत सिमेंट तसंच भरलेलं,
ब्रेकला हवा नाही, चाकं बोल्ट फिरवून मोकळी केलेली,
बॅटरी मेलेली, म्हणून दिवे नाहीत,
आणि दगड झालेल्या स्टेअरिंगला लोंबकळलेला
खेमराज, वय एकोणीस.

मालकाला फोनवर पावती हवी होती,
माल तेवढाच आहे ना.

पुढची रिकामी गाडी झाली.
मागची फलाटावर आली आणि आकडा थांबेना.
दोरी ताणली की कमी,
सैल पडली की जास्त.
"दोरी सोडा," मी म्हटलं.
"सोडली तं बांधन कोन? गाठ लय मुश्कीलनं बसली."

मी मधला आकडा लिहिला.
गाडी क्रमांक, भरलेली, रिकामी, माल.
दोरीचा रकाना नाही.

खुर्चीच्या पाठीवर माझी लाल ओढणी होती.
मी तिच्याकडे पाहिलं, हे मला नीट आठवतं.
दोरीच्या मध्यावर एक गाठ, एवढंच काम.
मागे तिसरा ट्रक हॉर्न देत होता.
मी पावती फाडली.

पावणेपाचला पारडीच्या चौकात
एक स्कूटी दोन गाड्यांच्या मधून निघाली.
तिला वाटलं, फट आहे.

पेपरवाल्यानं सांगितलं.
मुलगी की बाई, मी विचारलं नाही.
मेडिकलला नेली म्हणे.
पुढचं त्यालाही माहीत नव्हतं, त्याला सायकल पुढे न्यायची होती.

दुपारी हवालदार आला, स्थळप्रत घेतली.
"ओव्हरलोड होती काय?"
कोणत्या पाटीप्रमाणे, मी विचारलं.
तो हसला नाही. मीही नाही.
दोरीबद्दल त्यानं काही विचारलं नाही,
त्याच्या कागदावरही रकाना नसावा.

ओढणीच्या पट्ट्या केल्या. सतरा झाल्या.
ड्रॉवरमध्ये पावतीपुस्तकाखाली असतात.
टोचनवाला आला की एक देते.
कोणी बांधतो.
कोणी माझ्यासमोरच काच पुसतो तिनं.
तुलाराम अजून आलेला नाही.

टोचन म्हणतात ड्रायव्हर लोक.
माझी आई टोचणी म्हणायची, ते वेगळं.

पहाटे फलाट रिकामा असतो,
कुत्रंसुद्धा नसतं त्याच्यावर,
तरी कधीकधी आकडा शून्यावर बसत नाही.
वीस किलो. चाळीस. परत वीस.
मालक म्हणतो, खाली माती साचली असेल, झाडून घे.

झाडते.